गोळी बदलण्याआधी

व्हाईट कार्ड हातात घेतलं की नजर आपोआप तीन ठिकाणी जाते. सीडीफोर किती, व्हायरल लोड दबला का, मागच्या महिन्याच्या किती गोळ्या उरल्या. ते बघायचंच. पण मी सांगते म्हणून त्याच्याही आधी दोन रकाने शोधत जा, हिपॅटायटिस बीचा एचबीएसएजी आणि सीचा अँटी एचसीव्ही. भरलेले असतील तर तारीख बघ. रिकामे असतील तर पेशंट खुर्चीतून उठायच्या आत लॅब टेक्निशियनकडे चिठ्ठी जाऊ दे. नोंदणीच्या वेळीच या दोन तपासण्या सगळ्यांच्या व्हाव्यात असं नॅकोच्या सूचनांत आहे. पण कधी किट संपलेलं असतं, कधी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, ‘पुढच्या वेळी करू’ म्हणून राहून जातं. ती पुढची वेळ मग कधीकधी काही वर्षांनी येते, पोटात पाणी झाल्यावर.

अगं, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, टेबलावर इतकी वर्षं गेली, त्यातलं एकच काहीतरी तुझ्या हाती द्यायचं झालं तर मी हेच देईन. आपला माणूस एचआयव्हीने जाईल या धास्तीत आपण इतके गुंततो की त्याचं लिव्हर डोळ्यांदेखत संपत असतं आणि आपलं तिकडे लक्षच नसतं. आता गोळी चांगली आहे. नियमित घेणारा माणूस नातवंडं बघतो. पण तेवढीच वर्षं हिपॅटायटिस बी आणि सीलाही मिळतात, आणि तेवढ्यात ते लिव्हर वाळवून टाकतात. सोबत एचआयव्ही असला की त्यांची चाल आणखी वाढते.

तिन्ही विषाणूंच्या वाटा एकच आहेत, रक्त, शरीरसंबंध आणि आईकडून बाळाला. म्हणून एक सापडला की बाकीचे दोन शोधायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्या साधारण 27 लाख माणसांच्या अंगात बी आहे आणि 23 लाखांच्या आसपास माणसांना सी होऊन गेलाय किंवा अजून आहे. आपल्या टेबलासमोर बी जास्त दिसेल. सी मुख्यतः नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांत आणि जुन्या काळी रक्त चढवलेल्यांत. थॅलेसेमियाची, हिमोफिलियाची मुलं मोठी होऊन आपल्याकडे येतात, त्यांना साल विचार. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती 2001 मध्ये. त्याआधी रक्त चढवलं असेल तर बाकी कशाची वाट न बघता अँटी एचसीव्ही करून घे.

रिपोर्ट सांगायची वेळ आली की मात्र घाई करू नकोस. एचआयव्ही पचवायला त्या माणसाला वर्ष-दोन वर्षं लागलेली असतात. त्याच्यापुढे ‘अजून एक निघालंय’ असं म्हटलंस तर तो पुढचं काहीच ऐकणार नाही. मी असं सांगायची, “दादा, तुमच्या लिव्हरमध्ये बी नावाचा विषाणू आहे. तुम्ही रोज जी गोळी घेता, तिच्यात त्याचंही औषध आहे.” आधी आधार, मग बाकीचं. हे बीच्या बाबतीत खरंच आहे, त्यामुळे खोटा धीर दिल्याचं ओझंही नाही. मग घरच्या गोष्टी. ताट-वाटी वेगळी करायची नाही, पोराला जवळ घेऊन झोपायचं, एका ताटात जेवायचं. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो, एवढं एक वाक्य पुरतं. सलूनमध्ये नवं ब्लेड मागून घ्यायचं, जत्रेत गोंदवून घ्यायचं नाही. नवरा किंवा बायको आणि मुलं, सगळ्यांची तपासणी, ज्यांना नाही त्यांना लस, आणि निरोध कायम.

आता गोळीचं बोलते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

टीएलडीच्या, म्हणजे रोजच्या एआरटीच्या, एका गोळीत टेनोफोविर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅविर 50 मिलिग्रॅम. यातली पहिली दोन एचआयव्हीवर चालतात तशीच हिपॅटायटिस बीवरही चालतात. तिसऱ्याचा बीशी काही संबंध नाही. एकाच जागल्याने दोन शेतं राखावीत असं हे आहे. एका शेताचं काम झालं म्हणून त्याला घरी पाठवलं, तर दुसऱ्यात रात्रीतून जनावरं शिरतात. टेनोफोविर बंद झालं की बी उसळतो. काही आठवड्यांत लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी शेकड्यांत जातं, डोळे पिवळे होतात, आणि लिव्हर आधीच सिरॉसिसला आलेलं असेल तर माणूस हातचा जातो.

आता ही गोळी बंद कोण करतं? कधी पेशंट, कधी आपणच.

आपण करतो ते बहुतेक वेळा किडनीपायी. टेनोफोविर काहींच्या किडनीला त्रास देतं, म्हणून सहा महिन्यांनी क्रिएटिनिन बघायचं असतं. ते वाढलेलं दिसलं की कोणीतरी घाईत टेनोफोविर काढून त्या जागी अबॅकॅविर किंवा झिडोव्ह्युडिन लिहितं. एचआयव्हीच्या नजरेतून ते बरोबर असतं. पण कार्डावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बीसाठी एकटं लॅमिव्ह्युडिन उरतं, आणि ते एकटं टिकत नाही. एचआयव्ही आणि बी दोन्ही असलेल्यांत नुसत्या लॅमिव्ह्युडिनवर दोन वर्षांत जवळपास निम्म्यांचा आणि चार वर्षांत दहापैकी नऊ जणांचा बी त्याला दाद देईनासा होतो, हे जुन्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून किडनी बिघडली तरी बीला औषधाशिवाय सोडायचं नाही. टेनोफोविरचा डोस किडनीच्या हिशोबाने कमी करता येतो, एआरटीच्या जोडीला एन्टेकॅविर देता येतं. निर्णय मेडिकल ऑफिसरांचा, एमओंचा. पण कार्ड त्यांच्यापुढे ठेवताना “सर, हे बीचे आहेत” एवढं तोंडाने म्हणणं तुझं काम. मी तर कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘बी’ लिहून ठेवायची. सेकंड लाईनला जाताना हाच नियम. पहिली औषधं चालेनाशी झाली म्हणून सगळी बदलतात, पण बी असेल तर टेनोफोविर ठेवून बाकीची बदलायची.

जुने पेशंट वेगळे काढून बघ. सरकारी एआरटी 1 एप्रिल 2004 ला आठ रुग्णालयांत सुरू झाली, त्यात मुंबईचं जेजे होतं. तेव्हा स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरॅपिन द्यायचे, पुढे झिडोव्ह्युडिन आलं. त्या औषधांवर वर्षानुवर्षं राहिलेल्यांना बीसाठी एकटं लॅमिव्ह्युडिनच मिळत होतं. त्यांचा व्हायरल लोड उत्तम दबलेला असेल, पण लिव्हरचं कुणी विचारलेलं नसेल. अशांची सोनोग्राफी आणि प्लेटलेट बघितल्याशिवाय त्यांना ‘छान चाललंय’ म्हणू नकोस. टेनोफोविर बहुतेकांना अजूनही लागू पडतं, म्हणून उशीर झाला असं समजू नये.

पेशंट गोळी बंद करतो त्याची कारणं निराळी. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड जोडपी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. पंढरीची वारी करणारे तीन आठवडे दिंडीत असतात, तिथे सगळ्यांदेखत डबी उघडायची लाज वाटते. यांना रागावून काही होत नाही. निघायच्या आधी विचारायचं, “कुठल्या कारखान्यावर, किती महिने?” आणि जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या किंवा तिकडच्या सेंटरला नाव कळवायचं. बी असलेल्याला मी एक वाक्य जास्त सांगायची, “ताई, बाकी काहीही चुकलं तरी चालेल, ही गोळी एक आठवडाही बंद पडता कामा नये. लिव्हर भडकतं.” गोळ्यांची डबी अंगावर बाळगायची लाज वाटत असेल तर साध्या कॅल्शियमच्या डबीत भरून द्यायची. मात्र खऱ्या कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी एआरटीच्या गोळीबरोबर उपाशीपोटी गिळायची नाही, हे सांगायला विसरू नकोस. नाहीतर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही.

याची उलटी बाजूही ध्यानात ठेव. कधीकधी माणसाचा बी आधी सापडतो, खासगीत कुणीतरी एन्टेकॅविर नाहीतर नुसतं टेनोफोविर सुरू करतं, आणि एचआयव्हीची चाचणी कुणाच्या डोक्यातच येत नाही. ही दोन्ही औषधं एचआयव्हीला थोडीफार लागू पडतात, पण एकटी पुरत नाहीत. मग एचआयव्ही त्यांच्याविरुद्ध शिकून घेतो आणि पुढे आपल्याकडे आल्यावर अर्धी औषधं बाद झालेली असतात. बीचं औषध सुरू करायच्या आधी एचआयव्हीची चाचणी झालीच पाहिजे. ओळखीतल्या, नात्यातल्या कुणाला कुठेही बी निघाला तरी हा प्रश्न विचार.

एआरटी सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन महिने बीच्या माणसावर डोळा ठेव. अंगातली प्रतिकारशक्ती जागी होते, ती लिव्हरमधल्या विषाणूवर तुटून पडते आणि एसजीपीटी उसळतं. अशा वेळी घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, एमओंना दाखवायचं. त्यातच टीबीची औषधं चालू असतील तर जास्त काळजी. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला जड. या माणसाला औषधांची यादी देण्यापेक्षा खुणा सांग. लघवी गडद चहासारखी झाली, उलट्या थांबेनात, जेवणाचा वास नकोसा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्या दिवशी यायचं.

पिवळ्या डोळ्यांचा आणखी एक प्रकार तुला भेटेल. सेकंड लाईनवर अ‍ॅटाझॅनॅविर घेणाऱ्यांचे डोळे पिवळसर होतात. लघवी साधी, भूक लागते, एसजीपीटी नीट, फक्त बिलिरुबिन वाढलेलं, तेही इनडायरेक्ट. त्या औषधाचा तो गुण आहे, लिव्हर खराब झालेलं नसतं. पण हे रिपोर्ट बघून ठरवायचं, अंदाजाने नाही. आणि पेशंटला आधीच कल्पना दिली नाहीस तर तो परस्पर गोळ्या फेकून देईल, कारण त्याच्या घरी कावीळ म्हणजे काय करायचं हे सगळ्यांचं ठरलेलं असतं.

तेच आता. गावोगाव कावीळ उतरवणारे आहेत. कुणी हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या निवळीत धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली म्हणतात. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होणारच, धडधाकट माणसाच्या हातावर करून बघितलं तरी होतं. कुणी मुळ्या-काड्यांची माळ डोक्यात घालतो आणि ती वाढत खांद्यावर येते. काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, माळ लांबते. पावसाळ्यात पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, म्हणून माळेवरचा विश्वास टिकून आहे. आपल्या माणसाचा बी आणि सी आपोआप जाईलच असं नाही, एचआयव्ही असेल तर ती शक्यता आणखी कमी. आणि गंमत वाटेल, बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. आतल्या आत चालू असतं.

माळेवरून भांडू नकोस. मी म्हणायची, “माळ असू द्या डोक्यात. नाकात काही सोडायचं नाही, पोटात काही घ्यायचं नाही, डाग द्यायचा नाही, आणि गोळी चुकवायची नाही.” नाकात औषध टाकून सूज आलेली, डाग देऊन जखम चिघळलेली माणसं मी बघितली आहेत. काढ्यांचं तर विशेष सांभाळ. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा प्यायले, आणि 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी त्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद मोठ्यांचा आहे, पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच विषाणू बसलाय त्याने हा धोका का घ्यावा? कुठला काढा, कुठलं भस्म, कुठली जिमची पावडर, घेत असतील ते बाटलीसकट घेऊन यायला सांग. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते, पण लिव्हर बिघडलेल्याला दिवसाला 500 च्या चार गोळ्यांच्या वर नाही. मेडिकलमधून आणलेल्या बाकी वेदनाशामक गोळ्या सिरॉसिसवाल्याने टाळायच्याच.

पथ्याचंही तसंच. हळद बंद, तेल बंद, नुसता उसाचा रस आणि उकडलेली भाजी, अशी महिना महिना काढलेली माणसं हाडांचा सापळा होऊन येतात. त्यांना डाळ-भात, भाकरी, अंडं, दूध, खात असतील तर मासे, घरचं साधं जेवण पोटभर खायला सांग. हळदीने कावीळ वाढत नाही.

दारू मात्र खरोखर पथ्याची गोष्ट आहे, आणि ती विचारायची एक रीत आहे. “दारू पिता का?” असं विचारलंस की उत्तर ‘नाही’ असंच येतं. बायको शेजारी बसलेली असेल तर हमखास. मी विचारायची, “शेवटची कधी घेतली होती? पगाराच्या दिवशी की रोज संध्याकाळी? देशी की ताडी?” प्रश्नातच मान्य केलेलं असलं की माणूस खरं सांगतो. त्याला ‘सोडा’ म्हणून उठवायचं नाही. आज एक क्वार्टर असेल तर पुढच्या तारखेपर्यंत अर्धी, असा करार करायचा आणि पुढच्या वेळी न विसरता विचारायचं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली आणि हातपाय थरथरायला लागले, भास व्हायला लागले, तर तो ताबडतोब वॉर्डात न्यायचा आजार आहे, हेही घरच्यांना सांगून ठेव.

सीकडे वळते. सीला लस नाही, पण औषध असं आहे की शंभरातले पंचाण्णव बरे होतात, एचआयव्ही असला तरी. हे ऐकून नव्या मुलींना विशेष वाटत नाही. आम्हाला वाटतं, कारण आधीचा काळ बघितलाय. इंटरफेरॉनची आठवड्याला एक सुई, सहा महिने ते वर्षभर, ताप, केस गळणं, मनाने खचणं, आणि खर्च लाखांत. तरी बरे व्हायचे साधारण निम्मेच, एचआयव्ही असलेले त्याहून कमी. ते पेगायलेटेड इंटरफेरॉन एका परदेशी कंपनीच्या पेटंटमध्ये होतं. त्याला आव्हान दिलं ते मुंबईतल्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने, नशेच्या सुईत अडकलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेने, आणि नोव्हेंबर 2012 मध्ये ते पेटंट रद्द झालं. फुटपाथवरच्या माणसांसाठी कुणीतरी एवढं लढलं, हे आपल्या शहरात घडलं, आणि नर्सिंगच्या पोरींना ते कुणी शिकवत नाही. पुढे 2013 च्या शेवटी सीवरचं सोफोसबुविर आलं, तेव्हा अमेरिकेत एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. आपल्याकडच्या कंपन्यांनी ते बनवायला घेतलं, भाव कोसळला, आणि 28 जुलै 2018 ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून तपासणी आणि औषध सरकारीत फुकट आहे. तोच दिवस जागतिक हिपॅटायटिस दिन, बी शोधणाऱ्या बरूक ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस.

तर अँटी एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणजे सी आहेच असं नाही. काहींचा आपोआप गेलेला असतो. आरएनए म्हणजे व्हायरल लोड करायचा, त्यात विषाणू दिसला तर उपचार. साधारण 12 आठवडे, सिरॉसिस असेल तर औषध आणि मुदत डॉक्टर बदलतात. पण हिपॅटायटिसच्या काउंटरला पाठवण्याआधी तीन गोष्टी बघून चिठ्ठीवर लिही.

एक, एआरटी कुठली आहे. टीएलडी असेल तर फार अडचण नाही. एफॅव्हिरेन्झवर असेल तर सीच्या औषधांतल्या डॅक्लाटॅस्विरचा डोस वाढवावा लागतो आणि वेल्पाटॅस्विर देताच येत नाही. अ‍ॅटाझॅनॅविर-रिटोनॅविरवर असेल तर डॅक्लाटॅस्विर कमी करावं लागतं. हिपॅटायटिसच्या खिडकीवर पेशंट लाजेने एआरटीचं नाव काढत नाही, आणि इथे घात होतो. दोन, टीबीचं रिफाम्पिसिन चालू आहे का. त्याच्यासोबत सीची ही औषधं चालत नाहीत, आधी टीबी आटोपायचा. आणि तीन, एचबीएसएजी. सी दबला की त्याच्या आड झोपलेला बी उठतो, यावर 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. टेनोफोविर चालू असेल तर ती धास्ती राहत नाही. बघ, पुन्हा तीच गोळी.

कोर्स संपला की 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए. तो निगेटिव्ह आला म्हणजे बरा झाला. अँटी एचसीव्ही मात्र जन्मभर पॉझिटिव्ह राहतं, त्यामुळे पुढे कुठे ऑपरेशनच्या वेळी तपासणी झाली की लोक घाबरतात. बरं झाल्याचा आरएनए रिपोर्ट प्लॅस्टिकमध्ये घालून जपून ठेवायला सांग. आणि सुई पुन्हा वाटून घेतली तर सी पुन्हा होतो, एकदा होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही. सुई चालू असेल तर उपचार नाकारायचा नाही, नशेच्या सुईऐवजी औषध देणाऱ्या ओएसटी केंद्राशी गाठ घालून द्यायची. ती पोरं आपल्याकडे येतात तेव्हा दारातला शिपाईसुद्धा नाक मुरडतो. तू उठून खुर्ची दे.

लसीचं थोडक्यात. एचबीएसएजी निगेटिव्ह आहे आणि अंगात अँटीबॉडी नाहीत अशा प्रत्येकाला बीची लस. एचआयव्हीत साध्या मात्रेने कमी जणांना संरक्षण मिळतं, म्हणून बरेच डॉक्टर दुप्पट मात्रा चार वेळा देतात, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी. सीडीफोर वाढायची वाट बघत बसू नये. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, करायचं, 10 च्या वर आलं तर ठीक, नाहीतर सीडीफोर सुधारल्यावर पुन्हा. सहाव्या महिन्याचा डोस हमखास चुकतो. तारीख सांगू नकोस, ‘गणपती उठले की त्या आठवड्यात’ असं सांग, लक्षात राहतं.

गरोदर बाई बीची असेल तर बाळंतपण सरकारीत होईल याची आधीच सोय लाव. बाळाला 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि जमेल तितक्या लवकर, 12 तासांच्या आतच मिळालं तर उत्तम, इम्युनोग्लोब्युलिन. हे इंजेक्शन आधी सांगून मागवून ठेवावं लागतं, रात्री दोन वाजता शोधून मिळत नाही. बाळपणी लागलेला बी दहापैकी नऊ बाळांत कायमचा राहतो, मोठेपणी लागलेला बहुतेक निरोगी माणसांतून निघून जातो, म्हणून हे 24 तास एवढे मोलाचे. दूध पाजायला बीची आडकाठी नाही.

हिपॅटायटिसचं काउंटर आणि एआरटीचं काउंटर वेगळं असतं, मधे लांबलचक व्हरांडा आणि रांग. पेशंटच्या हातात उघडा कागद देऊ नकोस, ज्याच्यावर ‘एचआयव्ही’ मोठ्या अक्षरात आहे. पाकिटात घाल, स्वतः फोन कर. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही आणि त्या कारणावरून उपचारही नाकारता येत नाहीत. कुणी नाकारलेच तर कायद्याचं नाव घेऊन शांतपणे बोल, बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. पेशंटला रात्री-अपरात्री विचारायला 1097 हा नंबर लिहून दे, फुकट आहे.

सिरॉसिस झालेल्यांची एक वेगळी वही कर. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला एएफपीची रक्ततपासणी, कारण लिव्हरचा कॅन्सर लहान असताना सापडला तरच काही करता येतं. सी बरा झाला, बी दबला, तरी ही वही बंद करायची नाही. लोकांना वाटतं बरं झालं म्हणजे सुटलो. कॅन्सरचा धोका कमी होतो, जात नाही.

आणि तुझं काय? बीचे तीन डोस झाले आहेत म्हणतेस, पण टायटर बघितलंस का? सुई टोचली तर एचआयव्ही लागायची शक्यता हजारात तीन, सीची शंभरात दोन-तीनच्या आसपास, आणि बीची, लस नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. टोचली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच एमओंना सांगायचं. एचआयव्हीसाठी पीईपी, म्हणजे लागण टाळायची औषधं, होईल तितक्या लवकर, 72 तासांच्या आत. बीसाठी तुझं टायटर काय आहे त्यावर सगळं ठरतं, आणि ते त्या घाईत शोधत बसायला वेळ नसतो. या आठवड्यात रक्त दे आणि आकडा मला कळव.